बॉल सोडून बघायचं

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं, आणि सोबत क्लबचं छापील निमंत्रणही. दोन्ही मी तीनदा वाचली. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता तू दादांच्या खुर्चीत बसणार, क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर होणार. कुठला खेळाडू आणायचा, कुणाला सोडायचं, ते यापुढे तू ठरवणार. दादांच्या खोलीची किल्ली मी स्टेजवर सगळ्यांसमोर तुझ्या हातात द्यावी अशी क्लबची आणि तुझी इच्छा आहे. दादांच्या एक्केचाळीस वह्याही तुला हव्या आहेत. आणि शेवटी तू विचारलंयस, "वहिनी, मी या जागेला लायक आहे ना? दादाला काय वाटलं असतं?" दोन ओळींत कळव म्हणतोस. दोन ओळींत नाही जमणार रे. मी सातवी शिकलेली बाई, पुढचं सगळं आपलं आपण वाचून. थोडक्यात लिहायला जास्त शिक्षण लागतं. तेव्हा नीट बैस आणि सगळं वाच. लहानपणी गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायचास, तसं करू नकोस.

निमंत्रणावर तुझा फोटो छान आलाय. खाली मोठ्या अक्षरांत छापलंय, 'अखेर खेळलेला माणूस'. त्यातल्या 'अखेर'कडे मी बराच वेळ बघत बसले. दादांना जाऊन चौदा महिने झाले. इतक्या दिवसांनी क्लबला त्यांच्याबद्दल बोलावंसं वाटलं, आणि त्यासाठी एक शब्द पुरला.

मी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि माझ्याशी पहिले आठ दिवस बोलला नव्हतास. तुमचे आईवडील आधीच गेलेले, घरात दोन भाऊ आणि एक भिंत, जिच्यावर तू दिवसभर फुटबॉल मारायचास. शेजारचे भांडायला यायचे आणि मी त्यांच्याशी भांडायचे. तेरा वर्षांचा झालास तेव्हा क्लबच्या निवड चाचणीला तुला मीच घेऊन गेले, कारण दादा तिथेच कामाला होते आणि भावाचा वशिला लावला असं कुणी म्हणू नये म्हणून ते मागच्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. तुझे बूट माझ्या पिशवीत होते. मैदानाभोवती दोरी बांधलेली, बायकामाणसांनी दोरीबाहेर उभं राहायचं. तू आत गेलास, आणि दर वेळी बॉल तुझ्याकडे येणार असं दिसलं की डाव्या खांद्यावरून मागे वळून बघायचास. मी आहे की गेले ते. एकदा बघायचास, विश्वास बसायचा नाही, म्हणून लगेच दुसऱ्यांदा. मग डावा पाय मारायचास. कोच खूश झाले. म्हणाले, "या पोराला आजूबाजूचं भान आहे, बॉल यायच्या आधी दोनदा मागे बघतो." दादा घरी येऊन पोट धरधरून हसले होते. म्हणाले, "भान कसलं, वहिनी दिसते का ते बघतो गाढव!" पण ती सवय तुला कायमची लागली. सोळा वर्षं खेळलास, शेवटच्या सामन्यापर्यंत तीच. लोक तिच्यावर लेख लिहायचे. आपण तिघं मनात हसायचो.

मला क्लबच्या धुलाईघरात काम लागलं ते त्याच वर्षी. तुझ्या चाहत्यांना मैदान वरून हिरवं दिसतं. मला ते खालून ठाऊक आहे. सत्तावीस वर्षं मी त्या मैदानाची घाण धुतली. पुढच्या मैदानाची माती काळी, ती साबणाला ऐकते. मागच्या सरावाच्या मैदानाची तांबडी, ती कापडात घर करते. रक्त थंड पाण्यात भिजवायचं, गरम पाण्यानं ते बसतं. कुणाच्या बाहीवर रक्त आहे आणि कुणाच्या कोपरावर, त्यावरून कुणी मारलं आणि कुणी खाल्लं ते मला कपडे मोजतानाच कळायचं. एकदा एका मोज्यात दात सापडला होता. एकदा तुझ्याच शर्टाच्या कॉलरला कानाच्या पाळीचा तुकडा चिकटलेला होता, तुझा नव्हता. त्या रात्री तू जेवताना हसत होतास. तेव्हा खेळ म्हणजे काय असतो हे मला कुणी शिकवू नये.

दादा सामानाच्या खोलीत. बॉलमध्ये हवा भरायची, चुन्याच्या रेषा मारायच्या, जाळ्या शिवायच्या. पोरं त्यांना 'हवावाला' म्हणायची आणि तेही ओ द्यायचे. पण सामना सुरू झाला की दुर्बीण घेऊन वरच्या पायऱ्यांवर बसायचे, मांडीवर वही. मैदानाचा एक अर्धा ते बघायचे, दुसरा मी. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "बॉल सोडून बघायचं. बॉल सगळेच बघतात. बॉल जवळ नसताना माणूस काय करतो ते आपण लिहायचं." कोण मागे बघतो, कोण पडलेल्याला उठवतो, कोण पंचांची पाठ वळल्यावर कोपर मारतो. मी रेघा ओढायची, ते रात्री बेरीज करायचे. तुझ्या नावाचं पान माझ्याकडे असायचं. इतकी वर्षं मी तुझ्या मानेची हालचाल मोजली आहे. नवा मालक आला, त्याच्या हाती त्या वह्या लागल्या आणि त्यानं हवा भरणाऱ्या माणसाला उचलून स्पोर्टिंग डायरेक्टरच्या खुर्चीत बसवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त शिट्ट्या तू मारल्या होत्यास. आठवतं? खांद्यावर उचलून घेतलं होतंस त्यांना.

आणि मग तुझं डोकं. पहिल्या वेळी गोलच्या खांबावर आपटलास, दुसऱ्या वेळी कुणाचा तरी गुडघा. तिसऱ्या वेळी हवेत दोन डोकी भिडली, तो आवाज मला वरच्या पायऱ्यांवर ऐकू आला. तू उठलास, चार पावलं उलट्या दिशेनं चाललास आणि ओकलास. धुलाईघरात मी तुझा शर्ट काढत होते तर मला म्हणालास, "बाई, तुम्ही कोण?" डॉक्टरांनी तुझ्यासमोर आणि दादांसमोर सांगितलं की आणखी एक फटका बसला तर डोळे जातील नाहीतर जीव जाईल. त्याच दिवशी दादांनी ठरवलं की तुझा करार संपला.

तू घरी आलास तो दिवस मी विसरायचा प्रयत्न केलेला नाही. तू आधी हात जोडलेस, एक हंगाम खेळू दे म्हणालास, डॉक्टरांचा कागद दाबून टाक म्हणालास. दादा नाही म्हणाले. मग तू कपाटाची काच फोडलीस. हातातून रक्त गळत असताना त्यांची कॉलर धरलीस, त्यांना भिंतीवर आपटलंस, जिच्यावर तू बॉल मारायचास त्याच भिंतीवर, आणि ओरडलास, "तुला काय कळतं रे! जन्मभर बॉलमध्ये हवा भरलीस. कधी लाथ खाल्लीस? कधी मैदानात उतरलास?" दादांनी तुझ्या हातातली काच काढायला मला चिमटा आणायला सांगितला. जाताना तू एकच मागितलंस, की डोक्याचं कुणाला सांगू नका, नाहीतर मला कुठेच कुणी कोच म्हणून घेणार नाही. त्यांनी शब्द दिला. पेपरवाल्यांना सांगितलं, "त्याचा वेग कमी झालाय." आणि तू पंधरा दिवसांनी त्याच पेपरात मोठी मुलाखत दिलीस. मथळाच होता, 'ज्यानं कधी बुटाची नाडी बांधली नाही, तो आमचे पाय मोजतो'. ती मुलाखत मी कापून ठेवली आहे. वाचायला चांगली आहे, तू बोलतोस छान.

आता तुला एक गोष्ट सांगते जी तुला ठाऊक नाही. दादांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं, पण ज्यांनी शपथ घातली ते आता नाहीत. तुझे दादा खेळलेले होते. आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी, दुसऱ्या शहरात, रीतसर करार करून. तू सात वर्षांचा, मामाकडे होतास. पहिल्याच सामन्यात शेवटी शेवटी त्यांना आत पाठवताना कोचनं कानात सांगितलं, "तो सात नंबर. तो परत उठता कामा नये." दादा अकरा मिनिटं खेळले. अकराव्या मिनिटाला ते सात नंबरवर गेले आणि फळी मोडावी तसा आवाज झाला. हाड मोज्यातून बाहेर आलं होतं. तो ओरडला नाही म्हणे. आधी पायाकडे बघितलं, मग दादांच्या तोंडाकडे, आणि मित्राला विचारावं तसं विचारलं, "मोडला का रे?" पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही, कारण बॉललाही पाय लागला होता आणि सगळे बॉल बघत होते. दादा त्याच कपड्यांत चालत हॉस्पिटलात गेले आणि त्या पोराच्या बापानं हाकलेपर्यंत तिथे बसले. तो पुन्हा खेळला नाही. दादांनीही त्यानंतर बॉलला पाय लावला नाही. हातानं हवा भरली, हातानं उचलले, हातानं मांडले. अंगणात तुझा बॉल त्यांच्याकडे घरंगळत आला तर वाकून हातानं परत द्यायचे, आणि तू चिडवायचास, "दादाला लाथ मारता येत नाही!" बॉल सोडून बघायचं हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

तू गेल्यावर संघ हरत गेला. कॅप्टन तूच होतास, तुझ्याशिवाय दुसरं काय होणार, दादांनाही ते ठाऊक होतं. आमच्या खिडक्या दोनदा फुटल्या. दारावर कुणीतरी लाल रंगानं 'हवावाला, तुझी हवा काढू' लिहिलं, मी ते घासून काढलं, रंग रक्तापेक्षा सोपा जातो. दादा बाजारात गेले तर एकानं तोंडावर थुंकलं. मी रोज मागे लागायचे की सांगून टाका, धाकट्याच्या डोक्याचं सांगा, नाहीतर निदान तुम्ही खेळला आहात एवढं तरी सांगा. ते म्हणाले, "पहिलं सांगायचं नाही, शब्द दिलाय. आणि दुसरं काय सांगू? कुणाचा पाय मोडला ते?"

शेवटचा सामना हरून क्लब खालच्या गटात गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला चिडलेल्या चाहत्यांचा घोळका आला. तू कोर्टात सगळं ऐकलंयस, पण माझ्या तोंडून नाही, कारण तू मला कधी विचारलं नाहीस. मी धुलाईघरात इस्त्री करत होते. आधी ढोल ऐकू आला, सामन्याला वाजवतात तोच. मग फाटक वाकल्याचा आवाज. दादा वरून धावत आले, मला वाटलं आत येऊन कडी लावतील. त्यांनी बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि खिडकीच्या गजांतून मला म्हणाले, "खाली बैस. काही बघू नकोस." मी बसले नाही. दारावर इस्त्री आपटली, ती फुटली, दार फुटलं नाही. साठसत्तर माणसं असतील. पहिली वीट त्यांच्या भुवईला लागली. ढोलवाल्यानं पट्ट्याला धरून त्यांना अंगणाच्या मधोमध ओढलं. कोपऱ्यावरच्या झेंड्यांच्या काठ्या आम्हीच रंगवलेल्या, पिवळ्या आणि काळ्या, त्या त्यांच्या पाठीवर मोडल्या. त्यांनी हात वर केला तर ढोलवाल्यानं ढोलाच्या दांड्यानं बोटं फोडली, एकेक, वाजवल्यासारखी. मी ओरडत होते, पण माझ्यासारखेच सगळे ओरडत होते.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि त्यांनी मध्ये बॉल आणून ठेवला. "मार!" म्हणाले. "एक लाथ मारून दाखव आणि जा घरी!" गोल करून उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले, काही जण हसतही होते. धाकट्या, मी त्या हसण्याला धरून राहिले होते. मला वाटलं, संपलं, आता मारतील एक लाथ, बॉल कुठेतरी वाकडा जाईल, हे हसतील, शिव्या देतील आणि जातील. दादांनी बॉलकडे बघितलं. त्यांचा एक डोळा रक्तानं बंद झाला होता. आणि त्यांनी दोन्ही हात मागे बांधले, फुटलेल्या बोटांसकट, आणि मान हलवून नाही म्हणाले. एवढं एकच ते कुणाचा जीव वाचवायलाही करू शकत नव्हते, स्वतःचाही. मग काठ्या पुन्हा सुरू झाल्या आणि ते गुडघ्यांवर बसले.

अकरा दिवस जगले. बोटं, बरगड्या, भुवई, डॉक्टर म्हणाले की यातलं सगळं भरून आलं असतं. लिव्हर फाटलं होतं, उजव्या बाजूनं, एकाच फटक्यानं. मी वाचनालयातून शरीराचं पुस्तक आणलं आणि चित्रावर बोट ठेवून बघितलं की ते कुठे असतं. बरगड्यांच्या आत, उजवीकडे. पुस्तकात लिहिलंय की तिथे असा फटका बसायला मोठी ताकद लागते आणि ती एका जागी लागते. काठीचं ते काम नव्हे. तू पहिल्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता हॉस्पिटलात आलास. लांबच्या गावाहून थेट आलो म्हणालास. तुझे केस ओले होते आणि पायात चपला होत्या. माझ्या गळ्यात पडून रडलास, आणि तुझ्या अंगाला आमच्या क्लबच्या न्हाणीघरातल्या साबणाचा वास होता. तो साबण मीच मागवते. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. तो हात खोटा नव्हता.

ढोलवाल्यावर खुनाचा आरोप आहे हे तुला ठाऊक आहेच. त्यानं पट्टा धरला होता, बोटं फोडली, त्याचं त्यानं भोगावं, मला त्याची कणव नाही. पण तो कोर्टात सांगतो की लाथ माझी नाही, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक जण घोळक्यामागून आला, एक लाथ मारून गेला. त्यावर सगळे हसतात. व्हिडिओत टॉवेलवाला दिसत नाही. दिसणार कसा? ज्यांनी ज्यांनी फोन वर धरले होते ते सगळे दादांना आणि बॉलला बघत होते. पुढच्या महिन्यात निकाल आहे. त्याची बायको गेल्या आठवड्यात माझ्या दारात आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही. मला म्हणाली, "माझा नवरा चांगला नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही खिडकीत होतात ना, मावशी?" मी दार लावलं. त्यानंतर चार दिवसांनी तुझं पत्र आलं.

मी खिडकीत होते. आणि मी बॉल बघत नव्हते, मला ते येतच नाही. दादा गुडघ्यांवर बसले तेव्हा मी घोळक्याच्या कडेकडेनं बघत होते, कुणीतरी थांबवायला येईल म्हणून. टॉवेलवाला मागच्या मैदानाच्या बाजूनं आला. त्या दुपारी तिथे जुन्या खेळाडूंचा सराव होता. तो थोडा वेळ लांब उभा राहिला. मला वाटलं, हा थांबवेल. मग त्यानं डाव्या खांद्यावरून मागे वळून बघितलं. माझ्या खिडकीकडे. लगेच दुसऱ्यांदा. आणि मग डावा पाय.

दादांचा शर्ट हॉस्पिटलानं पिशवीत घालून दिला होता. पोलिसांनी मागितला नाही आणि मी, जिनं जन्मभर लोकांचं रक्त धुतलं, तो धुतला नाही. उजव्या बाजूला बुटाचा ठसा आहे, पुढच्या टोकाला तळाचे दोन स्टड घासलेले. अंगण फरशीचं आहे, रस्ता डांबरी आहे, आणि ठसा तांबड्या मातीचा आहे. नवव्या दिवशी दादा शुद्धीवर आले तेव्हा मी त्यांना काही विचारलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले, "डावा पाय अजून छान पडतो त्याचा. डोकं तेवढं सांभाळ म्हणावं." मग म्हणाले, "तू काही बोलू नकोस." मी चौदा महिने बोलले नाही. तू जीव घ्यायला आला नव्हतास हे मला कळतं, एक लाथ मारायला आला होतास. दादाही त्या सात नंबरचा पाय मोडायला जन्माला आले नव्हते. पण ते त्याच दिवशी चालत हॉस्पिटलात गेले आणि तोंड दाखवून बसले, आणि तू अंघोळ करून आलास. तू विचारलंस ना, त्या खुर्चीला लायक आहेस का? निमंत्रणावर छापलंय, 'खेळलेला माणूस'. मला वाटतं, त्यानं फार फरक पडत नाही. आपल्या पायानं काय झालं ते ज्याला ठाऊक आहे आणि जो त्याच्याजवळ जाऊन बसतो, असा माणूस लागतो.

म्हणून हे पत्र. वह्या मी देणार नाही आणि गुरुवारी स्टेजवर येणार नाही. किल्ल्यांचं जुडगं दादांच्या खिशातून आलं तसंच आहे, खोलीची आणि धुलाईघराची किल्ली एकाच कडीत. बुधवारी सकाळी दहा वाजता मी शर्टाची पिशवी घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जायला निघेन. दादांचा शब्द मी मोडते आहे, त्यांना वर गेल्यावर काय ते सांगेन. पण मला तुझं नाव माझ्या तोंडून घ्यायचं नाहीये, ते तू घ्यावंस. बुधवारी साडेनऊला ये. चहा ठेवीन. मग आपण दोघं चालत जाऊ, तेरा वर्षांचा होतास तेव्हा गेलो होतो तसे, पिशवी माझ्या हातात. आत तुला एकट्यालाच जावं लागेल, मला ते बाहेर थांबवतील. तिथे मागे वळून बघू नकोस रे, एकदाही नाही. मी असेन.

तुझीच,
वहिनी